काही दुखत नाही जी: मधुमेहींच्या पायाचा जंतुसंसर्ग, उपकेंद्रात नव्यानं आलेल्यांसाठी

पावसाळा लागला की आमच्या ओपीडीत पायांची रांग लागते. कोणाला चिखल्या झालेल्या, कोणाच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला, कोणाच्या टाचेत तुरीचं खुंट घुसलेलं. यातले बहुतेक पाय चार पट्ट्या आणि थोडी सवड मिळाली की बरे होतात. शुगरवाल्या माणसाचा पाय मात्र या रांगेत दिसत नाही. तो माणूस गोळ्यांच्या रांगेत उभा असतो. त्याचा पाय चपलेत असतो आणि दुखत नसतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा वर्षांपासून वैद्यकीय अधिकारी आहे. दरवर्षी आमच्या उपकेंद्रांवर नवे समुदाय आरोग्य अधिकारी येतात, इंटर्नशिप संपवून नवे डॉक्टर येतात. पहिल्या आठवड्यात त्यांना जे दाखवते ते इथे लिहिते आहे. आधी माझी चूक सांगते, कारण बाकीचं बरंचसं त्या चुकीनंतर शिकले.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. पोळा आठवड्यावर आलेला. पंचावन्न वर्षांचा एक शेतकरी महिन्याच्या गोळ्या न्यायला आला. शुगर निघाली ३४०. एरवी त्याची दोनशेच्या आत असायची. मी गोडधोडावरून त्याला चार शब्द ऐकवले, गोळी वाढवली आणि पुढचा पेशंट बोलावला. पायात प्लास्टिकचे बूट होते, ते काढायला सांगितले नाहीत. नवव्या दिवशी त्याच्या मुलानं आणि भावानं त्याला मोटरसायकलवर मधे धरून आणलं. बूट कात्रीनं कापावा लागला. करंगळीजवळचं बेचकं काळं पडलेलं, तळवा दाबला की पू यायचा, सूज पोटरीपर्यंत चढलेली. "काटा गेल्ता जी निंदनाच्या टायमाले. पन दुखलंच नाई, त काहाले सांगू?" असं तो म्हणाला. मेडिकल कॉलेजला गुडघ्याखाली पाय काढावा लागला. त्या ३४० चं कारण बुटात होतं, आणि मी ते त्याच्या ताटात शोधत बसले होते.

तेव्हापासूनचा नियम असा: शुगरच्या माणसाची साखर विनाकारण चढली, भूक गेली, अंग मोडून आलं, की आधी पाय बघायचे. ताप नसला तरी बघायचे. पायात मोठा संसर्ग असूनही ताप न येणारे पेशंट मी भरपूर पाहिले आहेत.

हे होतं कसं

फार लांबण लावत नाही. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरत जातात. काटा टोचला, चप्पल चावली, मे महिन्याच्या डांबरानं तळवा भाजला, तरी मेंदूपर्यंत खबर जात नाही. घाम आटतो, कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा पडतात. बोटं वाकडी होतात, तळव्याच्या ठरावीक जागांवर भार येतो, तिथे घट्टा धरतो आणि घट्ट्याखाली जखम होते. पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर रक्त पोहोचत नाही, मग औषधही पोहोचत नाही. त्यात साखर जास्त असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी ढिल्या पडतात. एवढं जमून आल्यावर एक सराटा पुरतो.

हे शहरी लोकांचं दुखणं आहे असं समजून इथे येऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज होता, आणि ग्रामीण भागात हे प्रमाण ८.९ टक्के होतं. मधुमेहींपैकी साधारण १९ ते ३४ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी पायाला जखम होते. तीन हजार वस्तीच्या गावात असे पाय किती असतील याचा हिशेब तुम्हीच करा.

पायरी पहिली: दोन्ही पाय उघडे, धुतलेले, उजेडात

"पाय दाखवा" म्हटलं की लोक संकोचतात. वयस्क बाया लुगडं आणखी खाली ओढतात. "मळके हायेत जी पाय, वावरातून तशीच आली," हे तर रोजचं. म्हणून आमच्या ओपीडीच्या दारात बादली, मग आणि जुना टॉवेल ठेवलेला असतो. पाय धुणं हीच तपासणीची सुरुवात आहे. धुता धुता तुमचा हात पायावरून फिरतो आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आहे हे हाताच्या मागच्या बाजूला आपोआप कळतं.

बोटांची बेचकी एकेक करून फाकवा. पावसाळ्यात तिथे चिखल्या असतातच, पांढरी भिजलेली कातडी असते. ती गॉजनं हलकेच पुसा. खाली चीर आहे का, ओलं लाल आहे का, वास येतो का ते बघा. पायाच्या वरच्या बाजूला सूज आणि लाली दिसली आणि जखम कुठेच सापडेना, तर दहातल्या नऊ वेळा उगम बेचक्यात किंवा तळव्याला असतो. मग नखांचे कोपरे, बोटांची टोकं, अंगठ्याच्या मुळाखालचा गोळा, टाच. घट्टा दिसला आणि त्याच्या मधोमध काळा-तांबडा ठिपका असला तर तो रक्ताचा असतो, त्याखाली जखम आहे असं धरून चाला.

घरून काही लावून आणलेलं असतंच. हळद, तंबाखू, चुना, कधी शेण. भेगांवर बिब्बा घालायची आपल्याकडे जुनी चाल आहे. धडधाकट माणसाला बिब्बा चटका देतो म्हणून तो हात आखडता घेतो. बधिर पायाला ते कळत नाही आणि बिब्ब्यानंच मोठा फोड उठतो. रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी तो माणूस तुमच्याकडे यायच्या आधी दुसरीकडे जाईल. सलाईननं सगळं धुऊन काढा आणि खालची जखम बघा. अळ्या असतील तर चिमट्यानं काढा. पेशंट शरमेनं मान खाली घालतो, त्याला सांगा की पावसाळ्यात माशी कोणाच्याही उघड्या जखमेवर बसते.

शेवटी चप्पल उलटी करा, मग आत हात घाला. मागच्या वर्षी एका आजींच्या चपलेत बाभळीचा काटा तळातून आरपार वर आलेला सापडला. आजी तीच चप्पल घालून दोन आठवडे कापूस वेचत होत्या.

पायरी दुसरी: स्पर्श आणि नाडी

मोनोफिलामेंट असेल तर वापरा. १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा असतो, तो वाकेपर्यंत दाबायचा आणि कळलं का विचारायचं. नसेल तर बोट पुरतं. पेशंटला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तुमच्या तर्जनीनं एक-दोन सेकंद नुसता हलका स्पर्श करा. दाबायचं नाही, थापटायचं नाही. सहा जागांपैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर पाय बधिर समजा. खोलीतल्या नातेवाइकांना गप्प बसायला सांगावं लागतं, नाहीतर सूनच उत्तरं देते.

मग नाडी. पायाच्या वरच्या बाजूला अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या हाडांमधल्या खाचेत एक, आतल्या घोट्याच्या मागे दुसरी. नव्या माणसाला घाईत ती लागत नाही, आणि कित्येकदा स्वतःच्याच बोटाचे ठोके पेशंटचे वाटतात. एक हात पेशंटच्या मनगटावर ठेवून ठोके जुळतात का बघा. दोन्ही नाड्या लागत नसतील, पाय थंड असेल, बोट काळं पडत असेल, तर जखमेपेक्षा रक्तपुरवठा मोठा प्रश्न आहे. अशा पायाची काळी कोरडी कातडी कापायची नाही. कोरडी ठेवून पाठवायची. कोरडं काळं बोट चार दिवस थांबू शकतं, ओलं, सुजलेलं, घाण वासाचं काळं बोट एक दिवसही थांबू शकत नाही.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. बधिर पाय विदर्भाला नवा नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात, वर्ध्याजवळच्या दत्तपूरला कुष्ठरोग्यांचे बधिर पाय सांभाळणारे लोक कित्येक वर्षांपासून हेच काम करत आले आहेत. जखमेवरचा भार काढण्यासाठी पायाला प्लास्टर घालायची पद्धतही वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांच्या कुष्ठरोगाच्या कामातून मधुमेहाकडे आली. तेव्हा बधिर पाय दिसला की अंगावर बधिर चट्टा आहे का, कोपराजवळची नस जाड झाली आहे का, तेही बघा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे काम करणार असाल तर नक्की बघा. शुगर आहे म्हणून कुष्ठरोग नसतो असं नाही.

पायरी तिसरी: संसर्ग आहे की नुसती जखम

नव्या माणसाची सर्वात जास्त गल्लत इथे होते. जखम दिसली की अँटिबायोटिक लिहिलं जातं, किंवा स्वॅब (जखमेवरून फिरवलेला कापसाचा बोळा) तपासायला पाठवून त्यात जंतू आले म्हणून लिहिलं जातं. उघड्या जखमेवर जंतू असतातच, कोणाच्याही असतात. संसर्ग हा डोळ्यांनी आणि हातानं ठरवायचा असतो. या पाचांपैकी किमान दोन खुणा हव्यात: जखमेभोवती सूज किंवा कडकपणा, जखमेच्या कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त पसरलेली लाली, दाबल्यावर दुखणं, ऊब, आणि पू. दोन नसतील तर अँटिबायोटिक नको. जखम स्वच्छ करा, भार काढा, साखर आटोक्यात आणा, आठवड्यानं बघा.

आपल्या लोकांच्या सावळ्या-काळ्या कातडीवर लाली पुस्तकातल्या चित्रासारखी दिसत नाही. कातडी ताणलेली, चकचकीत, आजूबाजूपेक्षा गडद जांभळट दिसते. दुसऱ्या पायाशी लावून बघा आणि डोळ्यापेक्षा हातावर जास्त विश्वास ठेवा. दुखण्याचंही उलटं गणित आहे. बधिर पाय दुखत नाही, पण आजवर न दुखणारा पाय अचानक ठणकायला लागला तर आत खोल काहीतरी साठलं आहे असं समजा.

पायरी चौथी: किती मोठा

बॉलपेन घ्या आणि लालीच्या कडेनं कातडीवर रेघ मारा. शेजारी तारीख आणि वेळ लिहा. एवढ्या साध्या गोष्टीनं माझे किती वाद मिटले असतील. उद्या लाली रेघेच्या आत आली की बाहेर गेली, हे पेशंटच्या बायकोलाही दिसतं आणि मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनाही.

लाली जखमेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरच्या आत आहे आणि संसर्ग कातडी-चरबीपुरता आहे, म्हणजे सौम्य. दोन सेंटिमीटर म्हणजे साधारण अंगठ्याची रुंदी. लाली दोन सेंटिमीटर किंवा त्याहून पुढे गेली, किंवा संसर्ग खोल स्नायूबंध, सांधा, हाडापर्यंत गेला, म्हणजे मध्यम. आणि यांपैकी दोन गोष्टी असल्या की तीव्र: ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा अंग ३६ च्या खाली, नाडी मिनिटाला ९० च्या वर, श्वास २० च्या वर, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर किंवा ४,००० च्या खाली. उपकेंद्रात पांढऱ्या पेशी मोजता येत नाहीत, पण थर्मामीटर आणि घड्याळ आहे. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. हा आकडा अंदाजानं लिहिलेला मी दर आठवड्याला पाहते, आणि तो नेहमी १८ असतो.

तळव्यावर घोट्याकडून बोटांकडे अंगठ्यानं दाबत या. पू खाली उतरून जखमेतून बाहेर येत असेल तर तो वर, स्नायूबंधांच्या पोकळ्यांमधून सरकत गेला आहे. वरून जखम वाटाण्याएवढी आणि आत अर्धा तळवा पोकळ, असं होतं. दाबल्यावर कातडीखाली कुरकुर जाणवली, कातडीवर जांभळे फोड आले, तर आत वायू धरतो आहे. हे काही तासांचं काम असतं.

हाडाची शंका कधी घ्यायची? जखम खोल आहे, महिना झाला तरी भरत नाही, किंवा एखादं बोट गाजरासारखं एकसारखं फुगून लाल झालं आहे. निर्जंतुक बोथट सळई हलकेच जखमेत घाला. तळाशी टणक, खडखडीत, दगडाला टेकल्यासारखं लागलं तर हाड उघडं आहे आणि त्यात संसर्ग असण्याची शक्यता मोठी. एक्स-रे काढाच, पण सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तो साफ येऊ शकतो. साफ एक्स-रे दाखवून "हाडाला काही नाही" असं पहिल्या आठवड्यात कोणाला सांगू नका. रक्ताच्या तपासणीत ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारा आकडा) ७० च्या वर असेल तर शंका वाढते.

फसवणारे पाय

पाय लाल, गरम, सुजलेला, पण जखम कुठेच नाही, ताप नाही, माणूस चालत आला आहे. हा शार्कोचा पाय असू शकतो. बधिर पायातली हाडं आतल्या आत मोडत, सरकत असतात. पेशंटला झोपवून पाय दहा मिनिटं उंच धरा. शार्कोची लाली बरीच उतरते, संसर्गाची तशी उतरत नाही. याला अँटिबायोटिक लागत नाही, ताबडतोब प्लास्टर आणि चालणं बंद लागतं. हे चुकलं तर तळव्याची कमान बसते आणि पाय होडीच्या तळासारखा होतो.

दुसरा फसवा पाय हत्तीरोगाचा. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या पट्ट्यात हत्तीरोग जुनाच आहे. वर्षानुवर्षं सुजलेल्या पायात मधूनच थंडी-ताप आणि लाली येते, आणि त्याचीही वाट बऱ्याचदा बोटांच्या बेचक्यातूनच असते. हत्तीपाय असलेल्या माणसाला शुगर असली तर हे दोन्ही धरून उपचार करा, एकाच्या नावावर दुसरा झाकू नका.

सौम्य संसर्ग: इथेच काय करायचं

सलाईननं धुवा. सलाईन नसेल तर उकळून गार केलेलं पाणी चालतं. मेलेली पांढरट कातडी, घट्ट्याची कड वैद्यकीय अधिकारी साफ करतील. नाडी लागते याची खात्री झाल्यावरच. हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत रोज ओतू नका, त्यानं नवं मांसही जळतं. जखमेवर कापूस थेट ठेवू नका, तंतू चिकटून बसतात. गॉज ठेवा, वर सैल पट्टी. बोटांमध्ये वेगवेगळं गॉज घाला. पाय गरम पाण्यात भिजवायला सांगायचं नाही, मीठ घालूनही नाही. धनुर्वाताची लस राहिली असेल तर टीडीचं इंजेक्शन द्या.

अँटिबायोटिक वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवायचं. सौम्य संसर्गात, आधी औषधं झालेली नसतील तर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट ६२५ मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा, किंवा सेफॅलेक्सिन चालतं. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर क्लिंडामायसिन. १ ते २ आठवडे पुरतं. जखम पूर्ण भरेपर्यंत गोळ्या चालू ठेवायच्या नसतात. अँटिबायोटिक संसर्ग मारतं, जखम भरून आणत नाही. जेंटामायसिन हाताशी असतं म्हणून टोचलं जातं, पण या पेशंटची किडनी बऱ्याचदा आधीच नाजूक असते. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) बघितल्याशिवाय ते नको. कल्चर (कोणते जंतू आहेत ते वाढवून बघायची तपासणी) पाठवायचं तर जखम धुऊन, साफ केल्यावर तळाचं मांस खरवडून पाठवा. वरवरचा स्वॅब दिशाभूल करतो.

साखर रोज बघा. संसर्गात गोळ्यांनी ती आवरत नाही, बऱ्याच जणांना तेवढ्यापुरतं इन्सुलिन लागतं. लोक घाबरतात, त्यांना वाटतं एकदा लागलं की जन्माचं लागलं. संसर्ग उतरल्यावर ते पुष्कळांचं कमी होतं किंवा सुटतं, हे आधीच सांगा. आणि जो जेवत नाही त्याच्या ग्लिमेपिराइडकडे (साखर उतरवणाऱ्या गोळीकडे) लक्ष ठेवा, रात्री साखर उतरून तो बेशुद्ध व्हायला नको.

आता सर्वात अवघड भाग. जखमेवर भार पडत राहिला तर वरचं सगळं वाया जातं. तळव्याला जखम असलेला माणूस दुखत नाही म्हणून वावरात जातोच. पेरणी असते, फवारणी असते, वेचणीला मजूर मिळत नाहीत. "आराम करा" हा शब्द इथे कोणी ऐकून घेत नाही, म्हणून मी तो वापरत नाही. पावलं मोजून घेते: संडासाला जायचं, जेवायला उठायचं, बस्स. दहा दिवसांची कामं कोण करेल ते मुलाला किंवा भावाला समोर बसवून ठरवून घेते. जखमेच्या जागी भोक पाडलेला जाड फेल्ट चिकटवला, काठी दिली, तर थोडा भार निघतो. मोठ्या रुग्णालयात प्लास्टर घालता येतं, काढता न येणारं असलं तर उत्तमच, कारण काढता येणारी गोष्ट लोक काढतात. मात्र संसर्ग आटोक्यात येऊन रक्तपुरवठा बरा आहे हे बघितल्यावरच.

४८ तासांनी परत बोलवा. येतो म्हणून येत नाहीत, म्हणून आशाताईला आजच सांगून ठेवा. रेघ बघा, ऊब बघा, साखर बघा. लाली रेघेबाहेर गेली असेल तर गोळी बदलत बसू नका, पाठवा. चार आठवडे नीट उपचार होऊनही संसर्गाच्या खुणा उतरल्या नाहीत, तर हाड किंवा रक्तवाहिनी तपासायला पाठवा.

पाठवायचं कधी, आणि कसं

तीव्र संसर्ग, कुरकुर, ओलं गँगरीन, तळव्यातला पू: लगेच १०८. मध्यम संसर्ग: त्याच दिवशी. लाली-पू नसताना सळई हाडाला लागते किंवा नाडी लागत नाही: या आठवड्याच्या आत, पण जखम ओली आणि सुजलेली असेल तर आजच. शार्को: दोन दिवसांत, आणि जाताना पाय खाली न टेकवता.

पू आत कोंडला असेल तर तो चाकूनंच बाहेर काढावा लागतो. सलाईनमधून कितीही भारी औषध दिलं तरी कोंडलेल्या पुवात ते शिरत नाही. म्हणून "आधी दोन दिवस इंजेक्शनं देऊन बघू" हे वाक्य मी माझ्या केंद्रात बंद केलं आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत पोकळी मोकळी झाली तर एखादं बोट जातं. आठवडा गेला तर पाय जातो.

निघायच्या आधी: सलाईन लावा, अँटिबायोटिकचा पहिला डोस द्या (आमच्याकडे सेफ्ट्रिआक्झोन आणि मेट्रोनिडाझोल असतं), साखर बघा, मेटफॉर्मिन थांबवा. चिठ्ठीत लिहा: जखम किती दिवसांची, कशानं झाली, लाली किती सेंटिमीटर, सळई हाडाला लागली का, नाडी लागते का, नाडी-श्वास-ताप, साखर, कोणतं औषध किती वाजता दिलं. पेशंटला विचारून जखमेचा फोटो काढा आणि मोजपट्टी शेजारी ठेवून काढा. यवतमाळचं शासकीय मेडिकल कॉलेज, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल, जिथे पाठवाल तिथे आधी फोन करा.

घरचे लोक पैशाच्या धास्तीनं एक दिवस घालवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्यायला सांगा. घरी सापडत नसेल तर पेशंट आधी जाऊ दे, कागद मागाहून कोणी घेऊन येईल. आणि "पाय कापतात" या भीतीनं जे थांबतात, त्यांना खोटा धीर देऊ नका. मी एवढंच सांगते की आज गेलात तर कापण्यासारखं कमी असेल.

घराच्या उंबऱ्यावर

पाय रोज रात्री बघायचा, आणि तो घरातल्या दुसऱ्या कोणी बघायचा. शुगरनं नजरही कमी झालेली असते, तळवा स्वतःला दिसत नाही. सून, नातू, कोणीही चालेल. मी नातवाला काम देते, तो चुकवत नाही. उंदरांचं विशेष सांगा. धान्याच्या खोलीत जमिनीवर झोपणाऱ्यांच्या बधिर बोटांना रात्री उंदीर कुरतडतात आणि सकाळी रक्त दिसल्यावर कळतं. पाय झाकून, खाटेवर झोपायचं. शेगावची पायी वारी, देवळाची अनवाणी प्रदक्षिणा हे श्रद्धेचे विषय आहेत, मी नाही म्हणत नाही. पहाटे, गार जमिनीवर, जाड मोजे घालून करा म्हणते, आणि बहुतेक लोक ऐकतात. खर्रा आणि बिडी यांच्यावर मात्र मी मोकळेपणानं भांडते, कारण पायाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या तंबाखू आणखी आवळते.

चप्पल मऊ तळाची, मागे पट्टा असलेली, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना मापून घेतलेली. एमसीआर (मऊ, सच्छिद्र) रबराच्या चपला कुष्ठरोग कार्यक्रमातून आपल्या लोकांना माहीत आहेत, तसाच तळ इथेही चालतो. काही जण "कुष्ठरोग्याची चप्पल" म्हणून नाकारतात. तेव्हा मोचीकडून वरचे पट्टे बदलून घ्या, तळ तोच ठेवा.

हे सगळं एकट्यानं होत नाही. नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे मधुमेहींच्या पायांची निगा शिकवणाऱ्या ज्या 'स्टेप बाय स्टेप' कार्यक्रमात होते त्यात डॉक्टर आणि नर्स यांना जोडीनं शिकवलं जायचं, आणि ते मला फार पटतं. पाय बहुतेक वेळा नर्सच बघते, पट्टी तीच बदलते, वास आधी तिलाच येतो. तुमच्या सिस्टरला आणि आशाताईला या लेखातल्या पहिल्या चार पायऱ्या स्वतः करून दाखवा, एकमेकांच्या पायांवर करायला लावा.

जखम भरली की पेशंट खूश होतो आणि दिसेनासा होतो. ज्या पायाला एकदा जखम झाली तो पाय परत फुटतो, आणि भार वाचवता वाचवता दुसरा पायही फुटतो. अशांना दर एक ते तीन महिन्यांनी बोलवायचं. आमच्या रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे पुढची तारीख लाल पेननं लिहिलेली असते आणि तीच तारीख आशाताईच्या डायरीत. त्या तारखेला गोळ्या देण्याआधी बादलीत पाणी भरायचं, दोन्ही चपला काढायला लावायच्या.